जीपचं नाक उंच का झालं?

तुम्ही जीप ओळखता. पण सगळ्या जुन्या जीप सारख्या दिसत नाहीत, हे कधी लक्षात आलंय का? दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमात दिसते ती जीप आठवा. तिचं बॉनेट बसकं आणि सपाट असतं. आता आपल्या गावाकडची जुनी जीप आठवा. बाजाराच्या दिवशी माणसं, पोती आणि कोंबड्या घेऊन धावायची, ती. तिचं बॉनेट चांगलंच उंच असतं. जणू बहिणी-बहिणीच, पण एकीचं नाक चपटं आणि दुसरीचं वर आलेलं!

हे नाक शोभेसाठी उंच केलेलं नाही. त्याच्या आत इंजिनाचं डोकं बदललं, आणि नवं डोकं जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. गंमत अशी, की इंजिनाचा खालचा सांगाडा जवळजवळ तोच राहिला. सिलिंडरची रुंदी तीच आणि दट्ट्याची धावही तीच. तरीही पूर्वी ६० अश्वशक्ती देणारं इंजिन सुमारे ७२ अश्वशक्ती देऊ लागलं. जुन्या धडावर नवं डोकं बसवलं, एवढ्यानं ताकद कशी वाढली? चला, आज आपण इंजिनाच्या डोक्यात शिरून पाहू.

आग बाहेर, आग आत

आमचं पूर्णा म्हणजे रेल्वेचं जंक्शन. निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचं हे गाव. इथल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना वाफेची इंजिनं पक्की आठवतात. कोळशाची भट्टी, वर पाण्याचा बॉयलर आणि पुढे सिलिंडर. आग पेटायची भट्टीत, पाण्याची वाफ व्हायची बॉयलरमध्ये आणि ती वाफ सिलिंडरमध्ये जाऊन दट्ट्याला ढकलायची. म्हणजे आग सिलिंडरच्या बाहेर आणि काम आत.

जीप, स्कूटर, मोटारसायकल यांचं तसं नाही. त्यांची चूल सिलिंडरच्या आतच असते. हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये येते, तिथेच पेटते आणि तिथेच दट्ट्याला खाली ढकलते. म्हणून या इंजिनाला अंतर्ज्वलन इंजिन म्हणतात. अंतर् म्हणजे आत, आणि ज्वलन म्हणजे जळणं.

सिलिंडर म्हणजे लोखंडात कोरलेली गोल विहीर समजा. तिच्यात दट्ट्या खाली-वर होतो. या विहिरीवर जे जाडजूड झाकण घट्ट आवळून बसवलेलं असतं, तेच सिलिंडर हेड. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'हेड' म्हणतात. दट्ट्या अगदी वर आला, तरी तो झाकणाला टेकत नाही. मध्ये थोडी पोकळी उरते. आपली आजची सगळी गोष्ट या एवढ्याशा पोकळीची आहे.

आधी दाबा, मग पेटवा

पेट्रोल इंजिनाचा दट्ट्या चार फेऱ्यांत एक काम पुरं करतो. पहिल्या फेरीत तो खाली जातो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या फेरीत वर येऊन ते मिश्रण दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि तिसऱ्या फेरीत दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो. चौथ्या फेरीत तो वर येऊन धूर बाहेर घालवतो. अशा चार फेऱ्यांचं इंजिन जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चालवून दाखवलं.

आता मुख्य प्रश्न. पेटवायच्या आधी मिश्रण दाबायचंच कशाला? तसंच पेटवलं तर?

रबरी चेंडूचं उदाहरण घ्या. चेंडू नुसता हातात धरून सोडला, तर तो उगाच थोडा उडतो. घट्ट दाबून सोडला, तर हातातून निसटून दूर जातो. मिश्रणाचंही काहीसं तसंच. ते लहानशा जागेत कोंबून पेटवलं, की दाब खूप वाढतो, आणि त्या गरम वायूला पसरायला लांब वाट मिळते. तेवढ्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. नाहीतर बरीचशी उष्णता धुराबरोबर फुकट निघून जाते.

मिश्रण किती पट दाबलं, हे सांगणाऱ्या आकड्याला 'कॉम्प्रेशन रेशो' म्हणतात. आपण त्याला दाबाचं प्रमाण म्हणू. दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला दट्ट्या वर आल्यावर उरलेल्या जागेनं भागायचं, की झालं. ऑटो यांच्या सुरुवातीच्या इंजिनात हे प्रमाण अडीचच्या आसपास होतं. आजच्या मोटारसायकलींत ते ९, १० किंवा त्याहूनही जास्त असतं. डिझेल इंजिनात तर ते १५ ते २२ पर्यंत जातं. तिथे नुसती हवा इतकी दाबतात, की ती तापून लाल निखाऱ्यासारखं काम करते. मग डिझेलचा फवारा आत आला, की ठिणगीशिवायच पेट घेतो. आपल्याकडे शेतावर पाणी ओढणाऱ्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का नसतो, त्याचं उत्तर हेच.

दीड चमच्याची करामत

आता जीपचं गणित करू. वही-पेन्सिल घ्या!

युद्धातली जीप अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीची. फोर्ड कंपनीनंही तसल्याच जीप बनवल्या. दोघींनी मिळून युद्धकाळात ६ लाखांहून अधिक जीप तयार केल्या. या जीपच्या इंजिनाला चार सिलिंडर होते आणि त्यांचं एकूण माप होतं सुमारे २,२०० घन सेंमी. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला ५५० घन सेंमी. ही झाली दट्ट्या जेवढी धाव घेतो तेवढी जागा.

जुन्या इंजिनाचं दाबाचं प्रमाण होतं ६.४८. त्यावरून हिशोब केला, तर दट्ट्या वर आल्यावर उरणारी पोकळी येते साधारण १०० घन सेंमी. पडताळा पाहा: तळाशी एकूण जागा ५५० अधिक १००, म्हणजे ६५०. तिला १०० ने भागलं, की आले साडेसहा.

नव्या डोक्याच्या इंजिनाचं प्रमाण झालं ६.९. त्यासाठी पोकळी हवी साधारण ९३ घन सेंमी. म्हणजे फरक किती पडला? फक्त ७ घन सेंमी. घरातल्या औषधाच्या चमच्यानं मोजलं, तर जेमतेम दीड चमचा!

मग दीड चमचा जागा कमी केली आणि ६० ची ताकद ७२ झाली, असं म्हणायचं का? थांबा, उत्तराची घाई करू नका. कागदावरचा हिशोब सांगतो, की दाबाचं प्रमाण साडेसहावरून ६.९ वर नेलं, तर तेवढ्याच इंधनातून मिळणारं काम सुमारे २ टक्क्यांनी वाढतं. पण इथे तर ताकद २० टक्क्यांनी वाढली. मग बाकीची कुठून आली?

श्वास मोकळा झाला

इंजिनालाही श्वास लागतो. तो घ्यायला एक झडप आणि सोडायला दुसरी. गॅरेजात या झडपांना 'व्हॉल्व' म्हणतात. जुन्या जीपमध्ये दोन्ही व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला, खालच्या सांगाड्यातच उभे होते. वरचं हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण. बनवायला सोपं, स्वस्त आणि दुरुस्तीलाही सुटसुटीत. पण त्यात एक अडचण होती. मिश्रण बाजूच्या व्हॉल्वमधून वर येणार, मग वळून आडवं जाणार आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरणार. वाकड्या बोळातून जत्रेची गर्दी जावी, तशी त्याची अवस्था.

त्यात पोकळी आणखी लहान करायला झाकण खाली आणावं, तर ही आडवी वाटच अरुंद होते. व्हॉल्वला वर उचलायलाही जागा हवी ना? म्हणजे दाब वाढवायला जावं, तर श्वास कोंडतो. श्वास मोकळा ठेवावा, तर दाब वाढत नाही. जुन्या आकाराच्या हेडमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम साधणं कठीण होतं.

विलीजच्या अभियंत्यांनी यावर मधला मार्ग काढला. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व खाली, जागच्या जागी राहू दिला. मिश्रण आत घेणारा व्हॉल्व मात्र उचलून थेट हेडमध्ये नेला आणि तो आकारानं मोठाही केला. आता मिश्रण वरून सरळ सिलिंडरमध्ये उतरू लागलं. वाट मोकळी झाली, आणि दाबही थोडा वाढवता आला. या इंजिनाला त्यांनी नाव दिलं 'हरिकेन', म्हणजे चक्रीवादळ. १९५० पासून ते विलीजच्या गाड्यांत येऊ लागलं.

पण व्हॉल्व डोक्यात आला, तशी त्याला दाबणारी दांडीही वर आली. हवा आत नेणारा मार्गही हेडमध्येच ओतला गेला. हेड उंच झालं. १९५३ साली साध्या जीपमध्ये हे इंजिन बसवताना बॉनेट वर उचलावं लागलं, आणि उंच नाकाची 'सीजे-३ बी' जन्माला आली.

मुंबईत महिंद्र कंपनीनं १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी सुरू केली होती. ही कंपनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावानं निघाली आणि १९४८ पासून तिचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. पुढे अमेरिकेत या जीपची निर्मिती थांबली, पण उंच नाकाच्या नमुन्यावर बेतलेल्या जीप मुंबईत नंतरही कित्येक वर्षं तयार होत राहिल्या. म्हणूनच खेड्यापाड्यांत, सरकारी कचेऱ्यांत आणि निवडणुकीच्या प्रचारात आपल्या लोकांनी पाहिली, ती बहुतेक उंच नाकाचीच जीप.

ठक ठक ठक!

तुम्ही म्हणाल, "सर, दाब वाढवला की फायदा होतो ना? मग ६.९ वरच का थांबायचं? एकदम १५ करून टाकायचं!"

शंका अगदी रास्त आहे. सायकलच्या चाकात भराभर हवा भरताना पंपाच्या तळाला हात लावून पाहा. पंप गरम लागतो. घासण्यानं थोडी उष्णता येते, पण मुख्य कारण हवा दाबली जाणं हे आहे. वायू झटकन दाबला, की तापतो. जीपच्या इंजिनात मिश्रण दाबलं जातं तेव्हा ते, कागदी हिशोबानं, ३०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातं. अजून ठिणगी पडायचीच आहे!

ठिणगी पडली, की आग प्लगपासून सुरू होते आणि गवताच्या वणव्यासारखी पुढे पुढे सरकते. न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात उरलेलं असतं. पुढून येणारी आग त्याला आणखी दाबते, आणखी तापवते. दाब प्रमाणाबाहेर असेल, तर आग पोचायच्या आधीच ते कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप, एका क्षणात भडकतं. जणू हातोडीचा घाव बसावा, तसा दट्ट्यावर फटका बसतो. बाहेर आवाज येतो, ठक ठक ठक! याला 'नॉकिंग' म्हणतात. असं फार वेळ चाललं, तर दट्ट्याचा माथा वितळतो, कडा तुटतात, हेडखालचं गॅस्केट जळतं.

इंग्लंडचे अभियंते हॅरी रिकार्डो यांनी या ठोक्यांचा खूप अभ्यास केला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी बाजूला व्हॉल्व असलेल्या इंजिनांसाठी वेगळ्या आकाराचं हेड तयार केलं. त्यात बरीचशी पोकळी व्हॉल्वच्या बाजूला ठेवली आणि दट्ट्याचा बराच भाग हेडच्या अगदी जवळ येईल असं केलं. त्या चिमटीतून मिश्रण जोरात बाजूला फेकलं जाई आणि घुसळून निघे. घुसळलेलं मिश्रण लवकर जळतं आणि आपोआप भडकायला त्याला सवडच मिळत नाही. म्हणजे पोकळी किती मोठी आहे याइतकाच तिचा आकार कसा आहे, हेही महत्त्वाचं.

दुसरा उपाय इंधनाचा. पेट्रोल ठोक्यांना किती दाद देत नाही, ते 'ऑक्टेन' या आकड्यानं सांगतात. आकडा जितका मोठा, तितकं ते पेट्रोल जास्त दाब सोसतं. आज आपल्याकडे पंपावर मिळणारं साधं पेट्रोलही चांगल्या ऑक्टेनचं असतं. जुन्या काळी याहून कमी ऑक्टेनचं मिळायचं. म्हणून तेव्हाच्या गाड्यांचं दाबाचं प्रमाणही कमी ठेवत.

ऑक्टेन वाढवायचा एक सोपा उपाय १९२१ साली अमेरिकेत सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं मिसळायचं, की ठोके बंद! साऱ्या जगानं तो उचलला. पण ते शिसं धुरातून हवेत आणि श्वासावाटे माणसांच्या रक्तात जाऊ लागलं. त्याचा सर्वांत जास्त घात झाला तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूचा. इंजिनाच्या डोक्यासाठी मुलांच्या डोक्याची किंमत मोजली गेली, असंच म्हणावं लागेल. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. सर्वांत शेवटी अल्जीरियानं ते २०२१ मध्ये थांबवलं. पंपावर कुठे 'अनलेडेड' असा शब्द दिसला, तर त्यामागे ही एवढी मोठी गोष्ट आहे.

हेड उतरतं तेव्हा

जुन्या इंजिनाचं हेड उतरवून पुन्हा बसवणं, हे मोठ्या कसबाचं काम. गॅरेजमध्ये कधी संधी मिळाली, तर दूर उभं राहून पाहा.

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ देतात. मग हेडचे नट थोडे थोडे, ठरलेल्या क्रमानं सैल करतात. एकदम एकाच बाजूनं सोडले, तर हेड वाकू शकतं. हेड उलटं केलं, की आत काळी काजळी दिसते. ती खरवडून काढतात. ही काजळीही जागा अडवते, हे लक्षात घ्या. थर जाड झाला, की पोकळी लहान होते आणि काही न करताच दाबाचं प्रमाण वाढतं. जुनी गाडी अचानक ठोके मारू लागली, तर कधी कधी हेच कारण निघतं.

नंतर हेडवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली पातळ पाती सरकवून पाहतात. पाती आत गेली, तर हेड तिथे वाकलंय. मग ते मशीनवर पाठवतात. पूर्णेसारख्या गावातून असं काम बहुधा नांदेड-परभणीसारख्या मोठ्या गावी जातं. तिथे हेडचा तळ अगदी पातळ थरानं कातून सपाट करतात. व्हॉल्व आणि त्यांची बैठक खास पेस्ट लावून एकमेकांवर घासतात, म्हणजे हवा कुठून निसटत नाही. पोकळी किती आहे, ते मोजायची युक्ती तर फारच छान! हेड उलटं ठेवून वर भोक असलेली पारदर्शक पट्टी बसवायची आणि मापाच्या नळीतून पातळ तेल सोडायचं. पोकळी भरायला जितके घन सेंमी तेल लागलं, तितकी तिची जागा. चारही पोकळ्या सारख्या निघाल्या पाहिजेत.

शेवटी नवं गॅस्केट घालून हेड बसवतात आणि नट मधून कडेकडे, सांगितलेल्या जोरानंच आवळतात.

आता खरी पारख इथेच आहे. हेड जास्त कातलं, की पोकळी लहान होते आणि गाडी पहिले काही दिवस तरतरीत वाटते. या मोहापायी कुणी मर्यादेपलीकडे कातलं, तर व्हॉल्व दट्ट्यावर आपटू शकतो, नाहीतर ठोके सुरू होतात. कातलेलं लोखंड काही परत चिकटवता येत नाही. ज्या घराची भाकरी त्या जीपवर आहे, त्या घराचे कितीतरी दिवस मग गाडी उभी राहते. म्हणून चांगला मिस्त्री कातण्याआधी मोजतो, कंपनीनं दिलेली मर्यादा पाहतो, आणि मगच मशीनला हात लावतो. भूमितीच्या तासाला "सर, हे पुढे कुठे उपयोगी पडणार?" असं विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

आई-बाबांसाठीही एक गोष्ट. विलीजच्या त्या इंजिनाची बरीचशी ताकद नुसता दाब वाढवून आलेली नाही. त्याला मोकळा श्वास मिळाला, म्हणून आली. परीक्षेच्या दिवसांत हे आठवायला हरकत नाही.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी, १० मिली मापाची प्लास्टिकची सिरिंज आणा. दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत ओढा. टोकाचं भोक बोटानं घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. ५ च्या खुणेपर्यंत आलात, की तुमचं दाबाचं प्रमाण झालं २. आता आणखी दाबा. ३ पर्यंत जाता येतं का? २ पर्यंत? प्रत्येक खुणेला किती जोर लागतो, ते वहीत लिहा. मग दट्ट्या सोडून द्या आणि तो कसा उसळतो ते पाहा. जीपचा दट्ट्या जवळपास सात पट दाबतो, आणि एका मिनिटात शेकडो वेळा!

डोकं चालवा

१. एका स्कूटरचा दट्ट्या १०० घन सेंमी जागेतून धावतो. तो वर आल्यावर १२.५ घन सेंमी पोकळी उरते. दाबाचं प्रमाण किती?

२. एका सिलिंडरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ५० चौ. सेंमी आहे. हेडची पोकळी अगदी तेवढ्याच गोल आकाराची, सरळ भिंतींची आहे. हेड १ मिमी कातलं, तर पोकळी किती कमी होईल?

३. उंच डोंगराळ प्रदेशासाठी जास्त दाबाचं हेड चालतं. तिथे ठोके का पडत नसतील?

उत्तरं

१. नऊ. आठ आलं असेल, तर तुम्ही पोकळी मिळवायला विसरलात. तळाशी एकूण जागा ११२.५ असते. २. पाच घन सेंमी, म्हणजे एक चमचा. ३. उंचावर हवा विरळ असते. सिलिंडरमध्ये मुळातच कमी हवा येते, म्हणून जास्त पट दाबूनही दाब मर्यादेत राहतो.